कोळशाच्या बारीक गाळातून पाणी काढताना: फ्लॉक्युलंटची निवड, मात्रा आणि वापर

नाशिकमध्ये कोळशाची खाण नाही आणि कोळसा धुण्याचा कारखानाही नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला लागणारा कोळसा बाहेरून रेल्वेने येतो आणि बहुतेक नाशिककरांचा या खनिजाशी संबंध तेथेच संपतो. तरीही हा लेख येथून लिहीत आहे, कारण कोळसा धुतल्यावर उरणाऱ्या बारीक गाळाचे नमुने वर्धा खोऱ्यातून, वणी आणि चंद्रपूरच्या बाजूने, अंबडच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी येतात आणि त्यांच्यावर काम करताना एक गोष्ट वारंवार अनुभवास आली. फ्लॉक्युलंट, म्हणजे बारीक कणांचे पुंजके बनवून ते लवकर खाली बसवणारे रसायन, कोणत्या कंपनीचे घेतले यापेक्षा ते कोणत्या पाण्यात विरघळवले, कोणत्या पाण्यातल्या गाळात टाकले आणि टाकल्यानंतर किती ढवळले, यावर निकाल अधिक अवलंबून असतो. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतून पंप, टाक्या आणि सांडपाण्याची यंत्रणा पुरवणाऱ्या मंडळींना, तसेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, हे काम पायरीपायरीने करता यावे यासाठी पुढील मांडणी आहे.

गाळ आपोआप का बसत नाही

कोळसा धुताना त्यातील दगडमाती वेगळी होते. मोठे तुकडे चाळणीवर राहतात, पण साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा बारीक असलेली चिकणमाती, गारगोटीची भुकटी आणि कोळशाचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर वाहत जातात. थिकनरकडे, म्हणजे गाळ तळाशी बसवून वरचे पाणी वेगळे करणाऱ्या मोठ्या गोल टाकीकडे, येणाऱ्या या पाण्यात घन पदार्थ बहुधा २ ते ६ टक्के असतो. २० मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे ४८ मिनिटे घेतो, तर २ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे ८० तास लागतात, कारण खाली जाण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट घटतो. त्यातच चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि म्हणून हे ८० तासही प्रत्यक्षात पुरत नाहीत.

नाशिकच्या वाचकाला हे समजण्यासाठी लांब जावे लागत नाही. निफाडकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणमाती असते. ही माती थरांच्या मधे पाणी धरून ठेवते. कोळशाच्या गाळात हाच वर्ग मिसळलेला असेल तर तो गाळ पाणी सोडण्यास फार कुरकुर करतो. त्याऐवजी केओलिनाइट, म्हणजे फारशी न फुगणारी चिकणमाती, असेल तर काम पुष्कळ सोपे होते. नमुना हाती आल्यावर कोणती चिकणमाती आहे हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

हे पाणी काढण्याची गरज केवळ पाणी वाचवण्यापुरती नाही. ओला गाळ बांध घालून तळ्यात साठवणे स्वस्त वाटते, पण अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक येथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी असा बांध फुटला आणि १२५ माणसे मेली. केंटकीतील मार्टिन परगण्यात ऑक्टोबर २००० मध्ये कोळशाच्या गाळाचे तळे खालच्या जुन्या खाणीत फुटून तो गाळ ओढ्यांत पसरला. घट्ट दाबलेला गाळ ट्रकने नेता येतो आणि रचून ठेवता येतो. पाण्याने भरलेला गाळ मात्र बांधावर कायम दाब देत राहतो.

रसायने दोन, कामे दोन

आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची किंवा निवळीचे बी उगाळून टाकण्याची रीत जुनी आहे. तुरटी कणांवरचा ऋण भार कमी करते आणि मग कण एकमेकांजवळ येऊ शकतात. या कामास कोॲग्युलेशन म्हणतात. चुना, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड आणि धन भार असलेली लहान साखळीची पॉलिमरे, उदाहरणार्थ पॉलिडॅडमॅक, या गटात येतात.

फ्लॉक्युलंटचे काम निराळे आहे. त्याचा रेणू फार लांब असतो, रेणूभार एक ते दोन कोटींच्या घरात जातो, आणि एकाच साखळीची टोके अनेक कणांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. कोळशाच्या गाळासाठी बहुतांशी ऋण भार असलेले पॉलिअक्रिलामाइड हे पॉलिमर वापरले जाते. येथे एक शंका स्वाभाविक आहे: कणावर ऋण भार, पॉलिमरवरही ऋण भार, मग ते एकमेकांना चिकटतात कसे? काही भाग हायड्रोजन बंधांनी चिकटतो, आणि पाण्यात कॅल्शियम असेल तर तो दोन्ही ऋण बाजूंच्या मधे पुलासारखा बसतो. म्हणूनच पाण्याचा कठीणपणा हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित, पण मोठा घटक आहे.

पाणी आम्लधर्मी असेल, म्हणजे खाणीत पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असल्याने पीएच ५ च्या खाली गेला असेल, तर ऋण पॉलिमरवरील भार दबला जातो आणि कमी भाराचे किंवा भाररहित पॉलिमर अधिक चांगले चालते. साधारण पीएच ७ ते ८ असलेल्या पाण्यात २० ते ३० टक्के ऋण भाराच्या प्रकारापासून चाचणीची सुरुवात करावी.

पहिली पायरी: नमुना आणि त्याच्याबरोबर येणारे पाणी

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याचा गाळ आमच्याकडे घट्ट स्वरूपात आला होता. तो ४ टक्क्यांपर्यंत पातळ करण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेच्या बोअरवेलचे पाणी वापरले, पॉलिमरही त्याच पाण्यात विरघळवले, आणि कोरड्या घन पदार्थाच्या टनाला २० ग्रॅम मात्रेवर पाणी काचेसारखे निवळले. तोच प्रकार, तीच मात्रा कारखान्यात वापरल्यावर थिकनरचे पाणी दिवसभर राखाडीच राहिले. कारण शोधताना कळले की दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर होते, तर त्या कारखान्यात फिरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम अगदी कमी आणि सोडियम जास्त होते. तेथे आधी कॅल्शियम क्लोराइड आणि नंतर पॉलिमर टाकल्यावरच गाळ बसू लागला. तेव्हापासून आम्ही नमुन्याबरोबर त्याच जागेचे किमान २० लिटर फिरते पाणी मागवतो, आणि ते आले नाही तर चाचणी पुढे ढकलतो.

गाळाचा नमुना थिकनरकडे येणाऱ्या प्रवाहातून, पाळीच्या वेगवेगळ्या वेळी थोडा थोडा घेऊन एकत्र करावा. कोळशाच्या कणांचा पृष्ठभाग हवेशी संपर्क आल्याने हळूहळू बदलतो आणि चिकणमाती पाण्यात फुगत राहते, म्हणून चाचणी शक्य तितक्या लवकर, आणि जमल्यास कारखान्यातच करावी. ज्यांना हात बसवण्यासाठी सराव करायचा आहे त्यांनी खडी धुण्याच्या ठिकाणचा गाळ वापरावा. तो कोळशाचा नसतो, पण मोजमापाची सवय त्यावर उत्तम लागते.

दुसरी पायरी: घन पदार्थ मोजणे

मात्रा नेहमी कोरड्या घन पदार्थाच्या टनामागे ग्रॅममध्ये सांगतात, पाण्याच्या लिटरमागे नाही. त्यामुळे गाळात घन पदार्थ किती हे आधी निश्चित करावे. नीट ढवळलेल्या गाळाचे वजन करून तो १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. समजा तो ४ टक्के निघाला आणि घन पदार्थाची सापेक्ष घनता २.० आहे. मग गाळाची घनता सुमारे १.०२ येते, आणि एक लिटर गाळात साधारण ४१ ग्रॅम कोरडा पदार्थ असतो. ताशी १०० घनमीटर असा प्रवाह असेल तर कोरडा पदार्थ ताशी सुमारे ४.१ टन झाला.

तिसरी पायरी: पॉलिमरचे द्रावण

बहुतेक अपयशे येथेच जन्म घेतात. कोरडी भुकटी पाण्यात एकदम ओतली की प्रत्येक गुठळीच्या बाहेरचा थर ओला होऊन चिकट आवरण बनतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. सत्तूचे पीठ गरम पाण्यात एकदम टाकले तर जे होते तेच येथे होते, फरक इतकाच की या गुठळ्या तासन्‌तास ढवळूनही फुटत नाहीत आणि पुढे पंपाच्या जाळीत व गाळण्याच्या कापडात अडकतात.

प्रयोगशाळेत ०.५ ग्रॅम भुकटी कोरड्या बाटलीत घ्यावी, तिच्यावर ३ मिलिलिटर स्पिरिट टाकून ती ओली करावी, आणि लगेच १९७ मिलिलिटर पाणी एकदम ओतून झाकण लावून जोरात हलवावे. हे ०.२५ टक्के द्रावण झाले. यानंतर मात्र जोरात हलवणे थांबवावे आणि बाटली अधूनमधून हळूच उलटसुलट करत किमान दोन तास ठेवावी, म्हणजे साखळ्या पूर्ण उलगडतात. वापरण्यापूर्वी यातील २० मिलिलिटर घेऊन २०० मिलिलिटरपर्यंत पातळ करावे. आता एका मिलिलिटरमध्ये ०.२५ मिलिग्रॅम पॉलिमर आहे. पातळ द्रावण त्याच दिवशी संपवावे. मूळ द्रावणही दोनतीन दिवसांनी कमकुवत होते, म्हणून बाटलीवर तारीख लिहावी.

कारखान्यात हेच काम मोठ्या टाकीत होते. भुकटी भिजवण्यासाठी पाण्याच्या वेगवान झोताने ओढून घेणारे साधन असावे, टाकीतील पंखा मोठा आणि हळू फिरणारा असावा, आणि द्रावण किमान पाऊण ते एक तास मुरू द्यावे. तयार द्रावण सेंट्रिफ्यूगल पंपाने कधीही पाठवू नये, कारण त्याच्या पात्यांनी लांब साखळ्या तुटतात आणि महाग पॉलिमर स्वस्त पॉलिमरसारखे वागू लागते. यासाठी स्क्रू पंपच योग्य. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असते तेव्हा विरघळण्यास अधिक वेळ लागतो, आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी ओलावा शोषून दगडासारखी होते. साठवणुकीची व्यवस्था या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन करावी.

चौथी पायरी: मोजपात्रातील चाचणी

एक लिटरच्या पाच-सहा मोजपात्रांत एकाच बादलीतील, सतत ढवळत ठेवलेला गाळ भरावा. ४१ ग्रॅम घन पदार्थासाठी टनाला २५ ग्रॅम ही मात्रा द्यायची तर सुमारे १ मिलिग्रॅम पॉलिमर लागते, म्हणजे वरील पातळ द्रावणाचे ४.१ मिलिलिटर. इतर पात्रांसाठी १०, १५, २०, ३५ आणि ५० ग्रॅमचे हिशेब आधीच कागदावर करून ठेवावेत, कारण हात ओले असताना केलेली आकडेमोड चुकते.

द्रावण सिरिंजने दोन-तीन हप्त्यांत टाकावे. प्रत्येक हप्त्यानंतर छिद्रे असलेली चकती लावलेला दांडा हळूच खालीवर करावा, किंवा पात्राचे तोंड बंद करून ते उलटसुलट करावे. किती वेळा, हे एकदा ठरवावे आणि सर्व पात्रांना तितकेच ठेवावे. एका पात्राला चार वेळा आणि दुसऱ्याला सात वेळा उलटे केले, तर आपण मात्रेची नव्हे, ढवळण्याची तुलना केलेली असते.

यानंतर गाळ आणि निवळ पाणी यांच्यातील रेषा खाली सरकताना घड्याळ लावावे. मोजपात्राच्या बाजूला मोजपट्टी चिकटवून ठेवली तर १० सेंटिमीटर अंतर किती सेकंदांत पार झाले ते सहज कळते. २० सेकंद लागले तर वेग ताशी १८ मीटर आला. दहा मिनिटांनी वरच्या पाण्याचा गढूळपणा पाहावा. गढूळपणामापक नसेल तर पात्रामागे छापील मजकुराचा कागद धरून अक्षरे दिसतात का ते नोंदवावे. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी साक्याची उंची मोजावी.

नवखा माणूस बहुधा सर्वांत वेगाने बसलेले पात्र निवडतो, आणि मला हा निर्णय घाईचा वाटतो. १५ मीटर व्यासाच्या थिकनरचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस मीटर असते, आणि त्यात ताशी १०० घनमीटर प्रवाह आला तर पाणी वर चढण्याचा वेग ताशी ०.६ मीटरहून कमीच असतो. अशा ठिकाणी ताशी ३० मीटर वेग मिळवण्यासाठी मात्रा दुप्पट करण्यात अर्थ नाही. फार मोठे, कापसासारखे पुंजके आत पाणी अडकवतात, साका पातळ राहतो आणि पुढच्या यंत्रावर त्याचा त्रास होतो. पुरेसा वेग, स्वच्छ पाणी आणि घट्ट साका या तिन्हींत जी सर्वांत कमी मात्रा बसते ती निवडावी.

सर्व मात्रांवर पुंजके झपाट्याने बसत असतील पण वरचे पाणी राखाडीच राहत असेल, तर फ्लॉक्युलंट वाढवून उपयोग होत नाही. अतिसूक्ष्म कण पकडण्यासाठी तेथे आधी कोॲग्युलंट लागतो. तो टाकून अर्धा ते एक मिनिट जोरात ढवळावे आणि मग फ्लॉक्युलंट सौम्यपणे मिसळावे. काही गाळांवर उलटा क्रम, म्हणजे आधी ऋण पॉलिमर आणि नंतर धन पॉलिमर, अधिक घट्ट पुंजके देतो, विशेषतः बेल्ट प्रेससाठी, म्हणजे दोन कापडी पट्ट्यांमध्ये गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रासाठी. दोन्ही क्रम करून पाहिल्याशिवाय मत बनवू नये. चुना वापरल्यास पीएच चढतो आणि पाइपात पापुद्रे धरतात, हेही हिशेबात घ्यावे.

पाचवी पायरी: दाबून पाणी काढण्याची चाचणी

थिकनरच्या तळातून येणाऱ्या गाळात घन पदार्थ २५ ते ३५ टक्के असतो. तो बेल्ट प्रेसवर जाण्यापूर्वी त्याला पुन्हा पॉलिमर द्यावे लागते, आणि ही मात्रा थिकनरपेक्षा कितीतरी अधिक, टनाला शंभर-दोनशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त, असू शकते.

२०० मिलिलिटर गाळ घ्यावा. घन पदार्थ ३० टक्के असेल तर त्यात सुमारे ७० ग्रॅम कोरडा पदार्थ असतो, आणि टनाला १५० ग्रॅम मात्रेसाठी ०.१ टक्के द्रावणाचे साधारण १०.६ मिलिलिटर लागतात. ते टाकून गाळ एका बीकरमधून दुसऱ्यात ओतत राहावे आणि पुंजके कितव्या ओतण्याला दिसू लागले, कितव्याला फुटू लागले, याची नोंद ठेवावी. ही संख्या फार मोलाची आहे, कारण कारखान्यात पॉलिमर प्रेसच्या किती आधी टाकायचे हे तिच्यावरून ठरते. पुंजके उशिरा बनत असतील तर डोसिंगची जागा मागे न्यावी, आणि लवकर बनून फुटत असतील तर पुढे आणावी. पाइपावर दोन-तीन ठिकाणी नळ्या बसवून ठेवल्या तर हा बदल पान्याच्या दोन फेऱ्यांत होतो.

नंतर हा गाळ प्रेसच्याच कापडाच्या तुकड्यावर ओतून १० आणि ३० सेकंदांत किती पाणी गळले ते मोजावे, कापडाची घडी घालून हाताने दाबावे आणि उघडून पाहावे. चांगला केक, म्हणजे दाबून राहिलेला गाळाचा थर, कापडापासून पोळीसारखा सुटतो. कापडाला बुळबुळीत थर चिकटून राहिला तर मात्रा जास्त झाली आहे; कडेने काळे पाणी फुटून बाहेर आले तर ती कमी आहे किंवा ढवळणे अपुरे आहे.

फिल्टर प्रेससाठी, म्हणजे कापड लावलेल्या पाट्यांमध्ये गाळ दाबाने गाळणाऱ्या यंत्रासाठी, निकष बदलतात. तेथे दाब बराच जास्त असतो, म्हणून मोठे मऊ पुंजके चिरडले जातात आणि लहान, चिवट पुंजकेच टिकतात. बुखनर फनेल (गाळणकागद ठेवण्यासाठी आत छिद्रांची चकती असलेले नरसाळे) आणि व्हॅक्यूम पंप वापरून पाणी गळण्याचा वेग मोजणे तेथे अधिक उपयोगी पडते. पुष्कळदा फिल्टर प्रेसला पॉलिमर फारच थोडे लागते.

केकमधील पाणी सांगताना कोणता आधार धरला ते लिहावे. १०० ग्रॅम ओला केक वाळून ७० ग्रॅम राहिला तर ओल्या वजनावर ओलावा ३० टक्के आणि कोरड्या वजनावर ४३ टक्के होतो. या एका गोंधळामुळे पुरवठादार आणि ग्राहक यांच्यात वाद झालेले मी पाहिले आहेत, आणि दोघांचेही मोजमाप बरोबर होते.

सहावी पायरी: कारखान्यात सुरू करणे

वरच्या उदाहरणात ताशी ४.१ टन घन पदार्थास टनाला २५ ग्रॅम, म्हणजे ताशी सुमारे १०२ ग्रॅम पॉलिमर लागेल, आणि ०.०२५ टक्के द्रावणाने ते ताशी सुमारे ४०८ लिटर होते. मूळ द्रावण टाकीत ०.२५ टक्के ठेवावे आणि डोसिंगच्या जागेजवळ पाइपातच दहापट पातळ करावे. पातळ द्रावण गाळात सर्वत्र पसरते. घट्ट द्रावण पहिल्या भेटलेल्या कणांनाच वेढून बसते.

मात्रा प्रवाहाशी नव्हे, घन पदार्थाच्या टनांशी जोडावी. धुण्याचा कारखाना थांबतो, नवा थर खणला जातो, पावसाळ्यात कोळशाबरोबर माती अधिक येते, आणि अशा वेळी जुनी मात्रा चुकीची ठरते. जास्त पॉलिमर फिरत्या पाण्यातून फ्लोटेशनकडे, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी बारीक कोळसा वर तरंगवून वेगळा करण्याच्या प्रक्रियेकडे, परत गेले तर तेथे कोळशाचे आणि मातीचे कण एकत्र बांधले जाऊन कोळशाची राख वाढते. त्याचप्रमाणे फ्लोटेशनचा फेस थिकनरवर साचून बारीक कण वरच तरंगत राहतात. त्यासाठी पाण्याचे फवारे किंवा फेस अडवणारी पट्टी लावावी, पॉलिमर वाढवू नये.

थिकनरच्या रेकवरील, म्हणजे तळाचा गाळ मध्याकडे ओढणाऱ्या फिरत्या दाताळ्यावरील, ताण वाढत असेल तर साका फार घट्ट झाला आहे किंवा तळाचा पंप मागे पडला आहे. त्या वेळी आधी पॉलिमर कमी करावे आणि तळाचा उपसा वाढवावा. रेक एकदा अडकला की तो मोकळा करण्यास अनेक दिवस जातात.

सांडलेले पॉलिमर पाण्याने धुऊ नये. ओले झालेले पॉलिमर फरशीवर इतके निसरडे होते की माणूस उभा राहू शकत नाही. त्यावर आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून ते उचलावे, राहिलेल्या थरावर जाडे मीठ पसरावे म्हणजे साखळ्या आकसून चिकटपणा कमी होतो, आणि मगच फरशी धुवावी. भुकटी हाताळताना नाकातोंडावर मास्क असावा.

दर पाळीस चार आकडे वहीत लिहावेत: येणाऱ्या गाळातील घन पदार्थ, पॉलिमरची मात्रा, वरच्या पाण्याचा गढूळपणा आणि केकचा ओलावा. फिरत्या पाण्याचा कठीणपणा आणि पीएच आठवड्यातून एकदा तपासावा. पावसाळ्यापूर्वी एकदा, तो ओसरल्यावर एकदा, आणि खाणीतील थर बदलेल तेव्हा प्रत्येक वेळी, चौथ्या पायरीपासूनची चाचणी त्याच जागेच्या पाण्याने पुन्हा करावी.